हार्वर्ड आणि येल : येत्या सामन्यापूर्वीं

विद्यापीठाचें नांव निघालें, कीं आमच्या डोळ्यांपुढें प्रथम ग्रंथालय उभें राहतें. तीस वर्षांहून अधिक काळ शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें ही खोड आतां सुटेल असें दिसत नाहीं. म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरांत आमच्या पुतण्याच्या कन्येनें हार्वर्डहून दूरध्वनीवर "आजोबा, आम्ही हरलों" असें रडवेल्या स्वरांत सांगितलें, तेव्हां आम्हीं घाबरून परीक्षेचीच चौकशी केली. "परीक्षा नव्हे हो, येलशीं फुटबॉल!" असें उत्तर आलें, आणि पाठीमागें उभी असलेली घरांतील सारी मंडळी हंसूं लागली. जी मुलगी दिवसाचे बारा तास प्रयोगशाळेंत बसते, जिनें आमच्या अंगणांत लगोरीचा चेंडूहि कधीं हातीं धरला नाहीं, तिच्या डोळ्यांस एका खेळापायीं पाणी यावें, याचें आम्हांस मोठें नवल वाटलें. त्या नवलापायीं आम्हीं जें वाचलें व विचारिलें, तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों. येत्या नोव्हेंबरांत, २०२६ सालीं, हींच दोन विद्यापीठें पुन्हां समोरासमोर येणार असून १८७५ पासून मोजतां तो त्यांचा १४२ वा सामना होय.

प्रथम या दोन प्रतिस्पर्ध्यांची ओळख करून घेऊं. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज येथें १६३६ सालीं स्थापन झालेल्या विद्यालयास जॉन हार्वर्ड नांवाच्या तरुण धर्मोपदेशकानें १६३८ सालीं मरतेसमयीं आपली अर्धी मालमत्ता आणि सुमारें चारशें ग्रंथ दिले. त्या दानामुळें विद्यालयास त्याचें नांव लाभलें. कनेक्टिकट संस्थानांतील न्यू हेवन येथील विद्यालयास १७१८ सालीं एलिहू येल यानें विकावयास मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ ग्रंथ आणि राजा पहिला जॉर्ज याची तसबीर धाडली; त्याचें नांव येल पडलें. म्हणजे ज्या दोन नांवांचा जयघोष नोव्हेंबरांत हजारों कंठांतून उठतो, तीं दोन्ही नांवें मुळांत चारचारशें ग्रंथांच्या दानानें मिळालेलीं आहेत. आमच्यासारख्या पुस्तकी मनुष्यास ही गोष्ट थोडी दिलासा देणारी वाटली.

हा एलिहू येल आपणांस अगदींच परका नाहीं. १६८७ पासून १६९२ पर्यंत तो मद्रासच्या इंग्रज वखारीचा मुख्य होता, व खासगी व्यापाराच्या आरोपांमुळेंच अखेर त्याचें पद गेलें. राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यांत असतांना, १६९० सालीं, कडलूरजवळचा समुद्रकांठचा किल्ला इंग्रजांनीं मराठ्यांकडून विकत घेतला, तो याच्याच कारकीर्दींत. किल्ल्यावरून तोफ डागावी आणि गोळा जेथवर जाऊन पडेल तेथवरचीं गांवें इंग्रजांचीं, असा तो करार होता. इंग्रज गोलंदाजांनीं आपली सर्वांत लांब पल्ल्याची तोफ निवडली असेल, हें सांगावयास नकोच. जिंजीच्या इतिहासांत ज्याचा असा पाय अडकला आहे, त्याच्या नांवाचा संघ आज जगाच्या दुसऱ्या टोकास चेंडूसाठीं एकेक यार्ड जमीन लढवितो, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

आतां खेळाविषयीं. अमेरिकेंतील फुटबॉल म्हणजे आपल्याकडील फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता; तो पायानें क्वचित् मारतात, बहुधा हातांत घेऊन पळतात किंवा पुढें धांवणाऱ्या गड्याकडे फेंकतात. प्रत्येक पक्षाचे अकरा गडी मैदानांत असतात. शंभर यार्ड लांबीच्या मैदानांत प्रतिपक्षाच्या अखेरच्या रेषेपलीकडे चेंडू पोंचविला, कीं सहा गुण मिळतात, आणि लगेच एका किंवा दोन गुणांची जोड मिळविण्याची संधि येते. चेंडू ज्या पक्षाकडे असेल, त्यानें चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकावें, न सरकल्यास चेंडू दुसऱ्याकडे जातो. हुतुतूंत गडी धरून पाडावा, तसें येथें चेंडूवाल्यास धरून पाडतात. ज्यानें हुतुतू पाहिला आहे, त्यास या खेळाचें मर्म समजण्यास अडचण पडूं नये. फरक इतकाच, कीं येथें दम श्वासाचा नसून जमिनीचा असतो.

या खेळास आजचें रूप आलें, तें पुष्कळसें याच दोन विद्यापीठांच्या चढाओढींतून. पहिला सामना १३ नोव्हेंबर १८७५ रोजीं न्यू हेवन येथें झाला व तो हार्वर्डनें जिंकला. पुढें येलचा विद्यार्थी वॉल्टर कॅम्प यानें या खेळास शिस्त लावली. पक्षांत अकरा गडी असावे, चेंडू एका रेषेवर ठेवून डाव सुरू व्हावा, ठराविक प्रयत्नांत ठराविक अंतर कापावें, हे नियम १८८० ते १८८२ या दोन-तीन वर्षांत त्याच्याच पुढाकारानें आले. परंतु नियम आले तरी सौम्यता आली नाहीं. १८९४ चा सामना इतका रक्तबंबाळ झाला, कीं पुढील दोन वर्षें उभय पक्षांनीं एकमेकांशीं खेळणेंच बंद ठेविलें. १९०५ च्या एका हंगामांत अमेरिकेंत या खेळापायीं अठरा-एकोणीस तरुण प्राणांस मुकले. तेव्हांचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे स्वतः हार्वर्डचे पदवीधर, व त्यांचा मुलगा त्याच वर्षीं हार्वर्डच्या नवागतांच्या संघांत खेळत होता. त्यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींस बोलावून खेळ सुधारण्यास बजाविलें. मैदान रुंद करून गर्दी मोडावी, अशी एक सूचना पुढें आली. पण हार्वर्डचें १९०३ सालीं बांधलेलें काँक्रीटचें क्रीडांगण रुंद करणें शक्य नव्हतें. अखेर १९०६ सालीं चेंडू पुढें फेंकण्यास परवानगी मिळाली आणि खेळाचें स्वरूप पालटलें. एका इमारतीच्या भिंती हालत नाहींत, म्हणून सबंध राष्ट्राच्या खेळास नवी दिशा लागावी, असें उदाहरण क्वचित्च सांपडेल.

या मालिकेंतील सर्वांत नामांकित सामना १९६८ चा. त्या वर्षीं दोन्ही संघ आठांपैकीं आठ सामने जिंकून आले होते. येल एका वेळीं २२–० असा पुढें होता, आणि शेवटचीं ४२ सेकंदें उरलीं असतां २९–१३ अशी स्थिति होती. प्रेक्षक उठून चालूं लागले. हार्वर्डच्या मुख्य खेळाडूच्या जागीं फ्रँक चँपी हा राखीव गडी उतरला होता. त्यानें आधीं आठ गुण मिळवून दिले. मग हार्वर्डनें मारलेला चेंडू पुन्हां हार्वर्डच्याच हातीं लागला. घड्याळ संपतां संपतां आणखी सहा गुण झाले. आणि वेळ संपल्यावर मिळालेल्या जोडसंधींत पीट व्हार्नी यानें चेंडू झेलला. २९–२९! दुसऱ्या दिवशीं कोणाचा जय झाला, असा प्रश्न पडण्याचें कारण नव्हतें. परंतु हार्वर्डच्या विद्यार्थी-वृत्तपत्रानें "हार्वर्डनें येलला २९–२९ नें हरविलें" अशाच अर्थाचा मथळा दिला. गणिताच्या शिक्षकानें त्यावर लाल रेघ मारली असती. पण त्या दिवशींचें सत्य त्याच चुकीच्या वाक्यांत अधिक होतें.

विनोदाचीहि येथें वाण नाहीं. १९८२ सालीं शेजारच्या तंत्रविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं मैदानांत आधींच पुरून ठेविलेला फुगा सामना चालूं असतां जमिनींतून वर आला व फुगून फुटला. २०१९ सालीं मात्र प्रसंग गंभीर होता. हवामानबदलाच्या प्रश्नावर दोन्ही विद्यापीठांचे विद्यार्थी मध्यंतरांत मैदानांत बसले. सामना जवळजवळ तासभर खोळंबला, आणि येलच्या क्रीडांगणांत दिवे नसल्यामुळें जादा डाव अंधुक प्रकाशांत खेळून येलनें ५०–४३ असा विजय मिळविला.

हें सर्व वाचतांना आमच्या मनांत एक शंका राहिलीच : अमेरिकेंत याहून बलाढ्य संघ पुष्कळ आहेत, मग या दोन संघांच्या सामन्यास एवढें महत्त्व कां? त्याचें उत्तर आमच्या मतें १९५४ च्या करारांत आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल, ब्राउन, डार्टमथ व पेनसिल्व्हेनिया या आठ विद्यापीठांनीं त्या वर्षीं ठरविलें, कीं खेळाच्या बळावर कोणासहि शिष्यवृत्ति द्यावयाची नाहीं. या आठांच्या संघास आयव्ही लीग म्हणतात. इतरत्र याच्या उलट प्रवाह वाहत आहे. २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंस आपल्या नांवाचा व कीर्तीचा मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली. २०२५ सालीं न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीमुळें विद्यापीठेंच खेळाडूंस थेट पैसे देऊं लागलीं, आणि त्याची मर्यादा एका विद्यापीठास वर्षाकाठीं दोन कोटि डॉलरांच्या घरांत आहे. या तडजोडींत सामील न होण्याचें आयव्ही लीगनें ठरविलें.

हे आठहि धुतल्या तांदळासारखे आहेत, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. उत्तम खेळाडूंस येथेंहि प्रवेशाच्या वेळीं झुकतें माप मिळतें. शिवाय खेळाचा बाजार मांडण्यांत मूळचे पुढारी हेच. १९१४ सालीं येलनें सत्तर हजार प्रेक्षकांचें क्रीडांगण बांधलें तें कांहीं व्यायामासाठीं नव्हे. (त्याच क्रीडांगणाच्या पहिल्या सामन्यांत हार्वर्डनें यजमानांस ३६–० असें लोळविलें, हें सांगितल्यावांचून आमची नात हा लेख पुरा होऊं देणार नाहीं.) तरीहि एक गोष्ट खरी : मैदानांतील गडी सोमवारीं वर्गांत बसतो, आणि बहुतेकांस पुढें या खेळावर पोट भरावयाचें नसतें.

यंदाच्या सामन्यांतील खरी चुरस येथेंच आहे. यजमानपण हार्वर्डकडे आहे. एकंदर हिशेबांत येलचे ७२ व हार्वर्डचे ६१ विजय असून ८ सामने बरोबरींत सुटले आहेत. २००७ ते २०१५ हीं नऊ वर्षें हार्वर्ड सतत जिंकत होता. आतां चक्र फिरलें असून २०२२ पासून २०२५ पर्यंत चारहि वेळां येल जिंकला. त्यांतील पहिले तीन सामने प्रत्येकीं अवघ्या पांच गुणांनीं गेले : १९–१४, २३–१८ आणि ३४–२९. २०२५ सालीं हार्वर्ड नऊ सामन्यांत अपराजित राहून आला, आणि ४५–२८ असा पराभूत झाला. दोघांस लीगचें अजिंक्यपद वांटून घ्यावें लागलें. म्हणजे २०२३ सालीं हार्वर्डमध्यें दाखल झालेल्या विद्यार्थ्यांनीं येलवर विजय कधीं पाहिलाच नाहीं. २०२७ सालीं ते पदवी घेऊन जातील, आणि त्यांच्यापुढें ही एकच संधि उरली आहे. उलट येलच्या त्याच तुकडीस चारहि वर्षें अजिंक्य राहून निघण्याची आशा आहे.

आणखी एक नवी गोष्ट. २०२५ पर्यंत आयव्ही लीगचे संघ हंगामानंतरच्या राष्ट्रीय स्पर्धेंत जात नसत. त्यामुळें हा सामना झाला, कीं हंगाम संपला. २०२५ पासून ती बंदी उठली. येल त्या स्पर्धेंत गेला, पहिला सामना ४३–४२ असा एका गुणानें जिंकला व पुढच्या फेरींत हरला. हार्वर्ड पहिल्याच फेरींत बाद झाला. कांहीं जुन्या मंडळींस वाटतें, कीं आतां या सामन्याचें शेवटचेपण गेलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. पुढें दोन सामने अधिक मिळाले, म्हणून या सामन्याची हार कोणी विसरत नाहीं. आमच्या नातीचा स्वर त्यास साक्ष आहे.

शेवटचेपणाविषयीं बोलतांना आमचाच एक अपराध आठवतो. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक मुलगा खोखोचा उत्तम गडी होता, पण संस्कृतांत नापास झाला. आंतरशालेय अंतिम सामन्याच्या दिवशीं आम्हीं त्यास वर्गांत बसवून धातुरूपें लिहावयास लाविलीं. शाळा हरली. तो मुलगा पुढें चांगला निघाला. आजहि भेटला कीं वांकून नमस्कार करतो, आणि त्या दिवसाविषयीं अक्षर बोलत नाहीं. धातुरूपें त्यास पुढच्या आठवड्यांतहि लिहितां आलीं असतीं. तो सामना मात्र त्याच्या शाळेच्या आयुष्यांत पुन्हां आला नाहीं. मुलांस विद्या द्यावी, हें आमचें कर्तव्य होतें. पण कांहीं दिवस असे असतात, कीं ते मुलांचेच असतात, आणि ते हिरावण्याचा अधिकार गुरूस नसतो, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

असो. तेथें दुपारचे बारा वाजतात, तेव्हां नोव्हेंबरांत आपल्याकडे रात्रीचे साडेदहा होतात. त्या शनिवारीं घरांतील मुलांनीं जागरणाची परवानगी आतांच मागून ठेविली आहे, आणि त्यांच्या आजीनें ती दिलीहि आहे. मध्यरात्र उलटल्यावर दूरध्वनी वाजेल. जय असो वा पराजय, या खेपेस आम्ही परीक्षेची चौकशी करणार नाहीं.