बाणांची टोके आणि खांद्यावरची बॅग

गेल्या वर्षी पावसाळा सुरू होण्याच्या थोडे आधीची गोष्ट. रविवारी सकाळी आमची लेक तिरंदाजीच्या सरावाला निघाली होती. बेटेगावहून शेअर रिक्षाने बोईसर स्टेशन आणि तिथून विरारच्या बाजूला जाणारी लोकल, हा तिचा नेहमीचा रस्ता. त्या दिवशी आम्हीही सोबत होतो. तिच्या खांद्यावर चुलतभावाची जुनी क्रिकेटची किटबॅग होती. धनुष्याचे सुटे भाग, बाण, पाण्याची बाटली, डबा, सगळे त्या एकाच पोटात कोंबलेले. पालघरला नेहमीसारखी गर्दी चढली. टोपली घेतलेल्या एक मासेवाल्या मावशी बॅगेला खेटून उभ्या राहिल्या. गाडीने हिसका दिला आणि मावशी ओरडल्या. बॅगेच्या कोपऱ्यातून तीन बाणांची टोके कापड फाडून बाहेर आली होती आणि मावशींच्या घोट्यावर लांब ओरखडा उठला होता. रक्त आले होते.

"पोरी, सुया भरून चाललीस की काय?" एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही माफी मागितली, रुमाल बांधून दिला, डॉक्टरकडे जायला पैसे देऊ केले. पैसे त्यांनी घेतले नाहीत. केळवे रोड येईपर्यंत डब्यातल्या साऱ्या नजरा आमच्यावर होत्या आणि आमची लेक खिडकीबाहेर बघत बसली होती.

घरी आल्यावर दादींना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग त्यांनी एका हदीसची आठवण करून दिली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. एक माणूस बाण घेऊन मस्जिदीतून चालला होता. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्याला बाणांची टोके हाताने धरून ठेवायला सांगितले, कुणाला लागू नयेत म्हणून. दुसऱ्या एका रिवायतीत मस्जिदीबरोबर बाजाराचाही उल्लेख आहे. तिरंदाजी शिकण्याचे महत्त्व सांगणाऱ्या हदीसी आपल्या घरांतून पुष्कळदा ऐकवल्या जातात. मुलीला या खेळात घालताना आम्हीही नातेवाइकांना त्याच ऐकवल्या होत्या. टोके धरण्याची हदीस मात्र आम्हाला मावशींच्या घोट्याने शिकवली. चौदाशे वर्षांपूर्वीच्या बाजारात जी गर्दी होती ती आमच्या लोकलच्या डब्यात आहेच, आणि हाताने टोके धरून दांडीला लटकता येत नाही. तेव्हा ते काम बॅगेनेच करायला हवे.

मराठीत 'आकाशाला गवसणी घालणे' असे आपण सहज म्हणतो. गवसणी म्हणजे खोळ. तंबोऱ्याची असते, तलवारीची असते, धनुष्याचीही असते. सातारच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाऊंड प्रकारात वैयक्तिक सुवर्ण जिंकले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचे सुवर्ण घेतले. ते पाहून आमच्या लेकीने हट्ट धरला आणि आम्ही आकाशाच्या गवसणीच्या गोष्टी करू लागलो. धनुष्याच्या गवसणीचा विचार कुणालाच सुचला नाही. क्लबची फी, धनुष्य, बाण यांत घरचे बजेट संपले आणि बॅग "घरात आहे ती चालेल" म्हणून दिली गेली. हा खेळ नुकताच सुरू केलेल्या घरांतून साधारण असेच होते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

बॅग घेण्याआधी सगळे सामान जमिनीवर चादर अंथरून मांडावे. आमचे धनुष्य रिकर्व्ह प्रकारचे, ऑलिंपिकमध्ये असते त्या जातीचे. ते सुटे होते. मधला मुठीचा भाग म्हणजे रायझर २५ इंचांचा. त्याला वर-खाली लागणाऱ्या दोन लिंब. दोरी, दोरी चढवायचा स्ट्रिंगर, नेम धरायची साइट, तोल सांभाळणारी स्टॅबिलायझरची दांडी. बोटांवर घालायचा चामडी टॅब, आर्मगार्ड, चेस्टगार्ड. कमरेला बांधायचा भाता. ॲलन कीचा जुडगा, दोरीला लावायचे मेण, जादा नॉक, बो स्क्वेअर. आणि बाण, आमच्याकडे २८ इंचांचे. काट्यावर ठेवले तर सारे मिळून साडेपाच किलो भरले. चादरीवर हे मांडल्यावर एक गोष्ट लगेच दिसते. यातल्या तीन वस्तू लांब आहेत आणि मोडण्यासारख्या आहेत, एक टोकदार आहे आणि बाकी सगळ्या लहान, हरवणाऱ्या. एका पोटाच्या बॅगेत हे तिन्ही प्रकार एकमेकांचे शत्रू होतात.

लहान वस्तू हरवण्याचे दुःख तसे जुनेच असणार. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बादशहा शाहजहानची जेडची अंगठी आहे, दोरी ओढताना अंगठ्यात घालायची. बादशहाची अंगठी सांभाळायला नोकर असतील. आमच्या लेकीचा टॅब दोनदा डब्याच्या पिशवीत आणि एकदा रिक्षात सापडला.

दुसरी बॅग आम्ही ऑनलाइन मागवली. तिरंदाजीची बॅग म्हणून शोधले की अर्ध्याहून जास्त बॅगा परदेशी शिकाऱ्यांसाठी बनवलेल्या निघतात. धनुष्याने शिकार करणाऱ्यांच्या त्या खांद्यावरच्या बॅगा. पानापानांच्या नक्षीचे हिरवे-तपकिरी कापड, आवाज होऊ नये म्हणून मऊ अस्तर, अंतर मोजायच्या यंत्राचा कप्पा, रुंद पात्याच्या धारदार टोकांसाठी वेगळी डबी. स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. आली तेव्हा आतून जेमतेम २० इंच भरली. रायझरच मावेना. परत पाठवली.

परत पाठवली ते बरेच झाले. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. आमच्या पालघर जिल्ह्यात जंगल आणि पाडे गावाला लागून आहेत. वारली बांधवांच्या भिंतीवरच्या चित्रांत तीर-कामठा घेतलेला माणूस अजून दिसतो, पण आज जंगलात शिरून नेम धरला तर तो गुन्हा होतो. अशा मुलखात शिकारी नक्षीची बॅग आणि त्यात बाण घेऊन फिरणाऱ्या पोराला कुणीही हटकेल, आणि हटकणाऱ्याचे चुकले असेही म्हणता येणार नाही. शरीअतमध्ये खाण्यासाठीच्या शिकारीचे नियम वेगळे आहेत, तो विषय इथला नाही. पण जिवंत प्राण्याला निशाणा करून नेमबाजीचा सराव करायला पैगंबर (स.) यांनी स्पष्ट मनाई केली आहे, हे नव्या तिरंदाज मुलांना सांगून ठेवावे. हातात धनुष्य आले की कबुतराकडे नजर जातेच. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात क्लबचे ओळखपत्र मात्र कायम ठेवावे. रेल्वेच्या तपासणीत ते दाखवले की दोन मिनिटांत काम होते.

तरी त्या शिकारी बॅगेतून एक गोष्ट आम्ही उचलली. झाडावर बसलेल्या शिकाऱ्याला न बघता हात घालून वस्तू काढावी लागते, म्हणून तिथे प्रत्येक वस्तूला ठरलेला कप्पा असतो. आमच्या लेकीला झाडावर बसायचे नाही, पण स्पर्धेत घड्याळ चालू असताना ॲलन की शोधत बसणे तिलाही परवडत नाही.

शेवटी बोईसरला शाळेच्या बॅगा शिवणाऱ्या एका चाचांकडे गेलो. चादरीवरचे सगळे सामान त्यांच्या दुकानात नेऊन पुन्हा मांडले. त्यांनी धनुष्य आयुष्यात हातात घेतले नव्हते, पण टेपने मापे घेत त्यांनी विचारलेले प्रश्न कुठल्याही विक्रेत्याच्या प्रश्नांपेक्षा नेमके होते. कुठली वस्तू आधी निघते? कुठली ओली होते? पोरगी डावीकडे घेते की उजवीकडे? गाडीत बॅग पाठीवर असते की पुढे?

या शेवटच्या प्रश्नावर आम्ही घरी बराच खल केला होता. पाठीवरची दोन पट्ट्यांची बॅग वजनाला चांगली. दोन्ही खांद्यांवर भार सारखा येतो आणि ज्या खांद्याने दोरी ओढायची तो आधीच दुखावत नाही. पण गर्दीच्या डब्यात पाठीमागे काय चालले आहे ते कळत नाही, आणि आमची तर एकदा अद्दल घडली होती. म्हणून एका खांद्याची, पुढे ओढून घेता येईल अशी बॅग ठरवली. पट्टा चार बोटे रुंद, खाली जाड फोम. जाताना डाव्या खांद्यावर, येताना उजव्या, हा नियम. बाजूला दोन छोट्या कड्या शिवून घेतल्या, चालायचे अंतर मोठे असेल तर दुसरा पट्टा लावून ती पाठीवर घेता येते. मूल लहान असेल, दहा-बारा वर्षांचे, तर मात्र सरळ दोन पट्ट्यांचीच घ्यावी. साडेपाच किलो एका खांद्यावर त्याच्यासाठी फार होतात.

बॅग आतून २८ इंच लांब आहे. रायझर २५ इंचांचा असला तरी चेन बंद करताना दोन-तीन इंच मोकळे लागतातच. रायझरसाठी मऊ अस्तराचा कप्पा, लिंबांसाठी दोन वेगळ्या खोळी, म्हणजे त्या एकमेकींवर घासत नाहीत. साइटला जुन्या चष्म्याच्या घरासारखी कडक डबी. टॅब, मेण, नॉक यांच्यासाठी झाकणाच्या आतल्या बाजूला चेनचे तीन कप्पे, बाहेरून दिसतील असे जाळीचे. पाण्याची बाटली पूर्णपणे बाहेर.

बाण बॅगेच्या आत नाहीतच. हार्डवेअरच्या दुकानातून ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप ३१ इंच कापून आणला, दोन्ही तोंडांना टोपण. तळाला दोन इंच जाड फोम, त्यात टोके रुततात. मध्ये भोके पाडलेली फोमची चकती, म्हणजे बाण एकमेकांवर आपटत नाहीत आणि मागची पिसे चुरगळत नाहीत. एवढ्या पाइपात आठ बाण नीट राहतात. स्पर्धेत एका फेरीला सहाच सोडायचे असतात. बॅगेच्या बाजूला दोन पट्ट्यांनी तो पाइप बांधला जातो, टोके नेहमी खाली. बाजारात लांबी कमी-जास्त होणारी तयार ॲरो ट्यूबही मिळते. ती दिसायला चांगली आणि हलकी असते, पैसे असतील तर जरूर घ्यावी.

बाणांना एवढे जपायचे कारण फक्त दुसऱ्याचा घोटा नाही. हल्लीचे बाण कार्बनचे असतात. क्रिकेटच्या बॅगेत ते डब्याखाली दबले होते. पुढच्याच सरावाला प्रशिक्षकांनी एकेक बाण हातात घेऊन हलकेच वाकवला, कानाशी धरला. एकातून चर्र असा बारीक आवाज आला. त्यांनी तो तिथेच मोडून फेकून दिला. तडा गेलेला कार्बनचा बाण दोरी सुटताच फुटतो आणि त्याची छिलके धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. आम्ही सगळे पालक ते बघून गप्प झालो होतो. तेव्हापासून बाण पाइपात भरण्याआधी लेक प्रत्येक बाण वाकवून ऐकते.

कापड ताडपत्रीसारखे जाड घेतले, चेनवर झाकणपट्टी. आमच्याकडचा पाऊस आणि खारी हवा माहीत असणाऱ्यांना याचे कारण सांगायला नको. पण पाणी आत न येणाऱ्या कापडातून आतली ओलही बाहेर जात नाही. सरावाहून आल्यावर बॅग बंद ठेवली की दोन दिवसांत टॅबच्या चामड्यावर बुरशी आणि स्क्रूंवर गंज. म्हणून घरी येताच सगळे बाहेर काढून पंख्याखाली. बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या जमवून प्रत्येक कप्प्यात टाकतो. उन्हाळ्यात बॅग बंद गाडीत ठेवू नये, लिंबांचे थर उष्णतेने सुटू शकतात.

बाहेरच्या बाजूला एक चपटा कप्पा लेकीने स्वतः सांगून शिवून घेतला. त्यात पातळ जानमाज, एक जादा स्कार्फ आणि पिनांची डबी. स्पर्धा दिवसभर चालते, जोहरची नमाज मैदानाच्या कडेलाच होते. स्कार्फचे टोक दोरीत अडकू नये म्हणून ते चेस्टगार्डखाली पिनेने बसवावे लागते. वजूनंतरचा ओला नॅपकिन त्या कप्प्यात जात नाही, त्याला प्लास्टिकची वेगळी पिशवी.

ज्यांच्या मुलांकडे शिकाऊ बांबूचे धनुष्य आहे त्यांना एवढा खटाटोप नको. ते एकसंध असते, सुटे होत नाही. जाड कापडाची लांब गवसणी घरच्या मशीनवर शिवता येते, बाणांचा पाइप आणि लहान सामानाची साधी खांद्याची पिशवी पुरते. कंपाऊंड धनुष्य मात्र घरी सुटे करण्याच्या भानगडीत पडू नये, त्याला खास प्रेस लागते. त्याच्यासाठी कडक पेटीच घ्यावी. स्पर्धेसाठी विमानाने जाण्याची वेळ आली तर धनुष्यबाण केबिनमध्ये नेता येत नाहीत, तिथेही पेटीच लागते.

चाचांनी शिलाई आणि कापड मिळून ऑनलाइन बॅगेपेक्षा थोडे कमीच घेतले. पाइप, टोपणे आणि फोम वेगळे. पहिल्या रविवारी निघताना दादींनी पाइप हातात घेतला, उलटा करून जोरात हलवला, आणि टोपण घट्ट आहे हे बघून परत दिला. आता हे दर रविवारी होते. लेक दारात बूट घालत थांबते, दादी पाइप हलवतात, मग रिक्षा.