ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि बाळाची छाती

पावसाळ्यात आणि थंडीत बालरुग्ण विभागाबाहेरची रांग वाढते. सर्दी, खोकला, घरघर, ताप. तपासणीच्या वेळी अनेक आया एक प्रश्न हमखास विचारतात : ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज देतो, तरी बाळाची छाती वारंवार का भरते? काही घरांत याच्या उलट असते. ‘आमचं बाळ रोज उन्हात असतं, त्याला थेंब कशाला?’ असे म्हणून आजी बाटली बाजूला ठेवून देतात. ड जीवनसत्त्व नेमके काय करते आणि काय करत नाही, हे समजले की दोन्ही घरांचा गोंधळ मिटतो.

मुडदूस आणि न्यूमोनिया

मुडदूस झालेल्या मुलांना न्यूमोनिया जास्त होतो, हे डॉक्टर फार पूर्वीपासून पाहत आले आहेत. त्याचे एक कारण सरळ आहे. मुडदुसात बरगड्या मऊ राहतात आणि स्नायू ढिले पडतात. छातीचा पिंजराच कमकुवत असेल तर खोकून कफ बाहेर टाकणे बाळाला जमत नाही. इथिओपियातील अदिस अबाबा येथे झालेला एक अभ्यास १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूमोनिया झालेल्या ५०० मुलांपैकी २१० जणांना मुडदूस होता. न्यूमोनिया नसलेल्या ५०० मुलांमध्ये तो केवळ २० जणांना होता.

मुडदूस दिसत नसला तरी ड जीवनसत्त्व कमी असू शकते. अशा मुलांचा अभ्यास पुणे जिल्ह्यातील इंदापूर येथे झाला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालील १५० मुलांची त्यात तुलना केली होती. ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व फार कमी नव्हते, त्यांच्यात फुप्फुसांचा गंभीर संसर्ग कमी आढळला. पहिले चार महिने फक्त आईच्या दुधावर वाढलेली मुलेही जास्त सुरक्षित असल्याचे त्याच अभ्यासात दिसले.

पुढे प्रयोगशाळेतूनही दुवा मिळाला. त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्व यकृत आणि मूत्रपिंडातून जाऊन कामाचे बनते, एवढेच पूर्वी ठाऊक होते. पण जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीही हे काम स्वतः करू शकतात आणि त्याच्या मदतीने ‘कॅथेलिसिडिन’ नावाचे जंतुनाशक प्रथिन बनवतात, असे २००६ मध्ये क्षयाच्या जंतूंवरील संशोधनातून दिसून आले. तेव्हापासून अपेक्षा वाढल्या. एवढ्या स्वस्त औषधाने न्यूमोनिया टळणार असेल तर त्याहून चांगले काय?

प्रत्यक्ष चाचणीत काय झाले?

एखादी गोष्ट कमी असणाऱ्यांना आजार जास्त होतो, म्हणजे ती दिल्याने आजार टळतोच असे नाही. ज्या घरात बाळाला पुरेसे ऊन मिळत नाही, तिथे बहुधा खोली अंधारी, माणसे जास्त, चुलीचा धूर आणि आहार अपुरा असतो. न्यूमोनियाला यातली प्रत्येक गोष्ट पोषक असते. म्हणून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करून, एकाला औषध आणि दुसऱ्याला औषधासारखेच दिसणारे पण औषध नसलेले द्रव देऊन पाहावे लागते.

अशी मोठी चाचणी अफगाणिस्तानात काबूलमध्ये झाली. १ ते ११ महिने वयाच्या ३,०४६ बाळांना दर तीन महिन्यांनी एक लाख युनिट ड जीवनसत्त्व किंवा नुसते द्रव दीड वर्ष देण्यात आले. २०१२ मध्ये निष्कर्ष आला : पहिल्यांदा न्यूमोनिया होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. पुन्हा न्यूमोनिया होण्याचे प्रमाण तर औषध मिळालेल्या गटातच थोडे जास्त निघाले.

दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात जन्मलेल्या, पूर्ण दिवसांच्या पण कमी वजनाच्या २,०७९ बाळांना सहा महिने दर आठवड्याला १,४०० युनिट किंवा नुसते द्रव दिले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत मृत्यू आणि रुग्णालयात दाखल होणे यांत फरक पडला नाही. मात्र औषध मिळालेल्या बाळांचे वजन आणि लांबी किंचित चांगली वाढली.

२०१७ मध्ये सर्व वयांच्या सुमारे ११ हजार व्यक्तींवरील २५ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. श्वसनाच्या संसर्गाची शक्यता सुमारे १२ टक्क्यांनी घटलेली दिसली. फायदा मुख्यतः ज्यांच्यात कमतरता तीव्र होती आणि ज्यांना डोस रोज किंवा दर आठवड्याला मिळत होता, त्यांना झाला. नंतर आणखी चाचण्यांची भर पडत गेली तसा हा फायदा आकसत गेला. २०२५च्या विश्लेषणात तो योगायोगापासून वेगळा काढता येईल इतकाही ठाम उरला नाही.

थोडक्यात, ड जीवनसत्त्वाचे थेंब म्हणजे न्यूमोनियाची लस नव्हे.

मग थेंब बंद करायचे का?

मुळीच नाही. थेंब दिले जातात ते हाडे आणि कॅल्शियमसाठी, आणि तिथे त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. तीव्र कमतरतेत बाळाच्या रक्तातील कॅल्शियम घसरते आणि झटके येतात. क्वचित हृदयाचा स्नायू इतका दुबळा होतो की बाळाला धाप लागते आणि पाहणाऱ्याला तो न्यूमोनियाच वाटतो.

भरपूर उन्हाच्या देशात ही कमतरता येते कुठून? बाळाचा जन्मवेळचा साठा आईकडून येतो आणि आपल्याकडे अनेक आयांमध्येच तो कमी असतो. आईचे दूध हा बाळासाठी सर्वोत्तम आहार आहे, पण त्यात ड जीवनसत्त्व फार थोडे असते. सकाळच्या ज्या कोवळ्या उन्हात बाळाला टोपडे-मोजे घालून धरले जाते, त्यात ड जीवनसत्त्व बनवणारे किरण नगण्य असतात. खिडकीच्या काचेतून ते आत येत नाहीत. सावळ्या त्वचेला जास्त वेळ ऊन लागते. हवेतील धूर आणि धूळही हे किरण अडवतात. दिल्लीच्या प्रदूषित मोरी गेट भागातील लहान मुलांमध्ये ड जीवनसत्त्वाचे सरासरी प्रमाण गुडगावच्या मुलांच्या निम्म्याहूनही कमी असल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. यावर उपाय म्हणून तान्ह्या बाळाला भर दुपारच्या उन्हात ठेवणे योग्य नाही. त्याची नाजूक त्वचा भाजते. थेंब हाच सोपा मार्ग आहे.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीनुसार जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच सुरुवात करून वर्ष पूर्ण होईपर्यंत रोज ४०० युनिट द्यावेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा डोस डॉक्टर ठरवतात. निरोगी बाळाची रक्ततपासणी करण्याची गरज नसते.

बाटलीवरचा आकडा मात्र नीट वाचावा. काही औषधांत एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असतात, तर काहींत ८००. कंपनी बदलली की मापही बदलू शकते. सोबत आलेला ड्रॉपरच वापरावा. मोठ्यांसाठीची ६० हजार युनिटची पुडी किंवा छोटी बाटली बाळाला स्वतःहून कधीही देऊ नये. असा डोस चुकून रोज गेला तर रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाते. बाळाला उलट्या आणि बद्धकोष्ठ होते, लघवी फार होते, ते मलूल पडते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

छाती कशाने जपली जाते?

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, हे पहिले संरक्षण. दुसरे लसीकरण : दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, दीड व साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात न्यूमोकोकल, नवव्या महिन्यातच गोवर-रुबेला. सरकारी केंद्रात या लशी मोफत मिळतात.

तिसरी गोष्ट धूर. आंघोळीनंतर बाळाला ओवा, वावडिंग, लसणाच्या सालींची धुरी देण्याची पद्धत आजही अनेक घरांत आहे. त्यामागे माया असते, पण धूर कशाचाही असो, बाळाच्या बारीक श्वासनलिकांना तो त्रासच देतो. शेगडी, चूल, उदबत्ती, डासांची कॉइल आणि घरातली विडी-सिगारेट यांपासून बाळ लांब हवे. सर्दी झालेल्या माणसाने बाळाला घेऊ नये. आईलाच सर्दी असेल तर तिने तोंडाला कापड बांधून, हात धुऊन दूध पाजत राहावे.

आणि श्वास मोजायला शिकावे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच कार्यकर्त्यांना मुलांचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. तिथे न्यूमोनियाचे मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. हेच मोजमाप घरीही करता येते. बाळ शांत असताना पोटावरचे कपडे वर करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांपर्यंत ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेग जास्त आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल (याला पोट उडणे म्हणतात, काही भागांत ‘डबा’), बाळ दूध ओढत नसेल, कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ते जागेच होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. पोटावर चटके देणे किंवा घरात उरलेले औषध पाजणे यात वेळ घालवू नये. बाळाला लगेच रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे.