दुखत नाही म्हणजे लागलं नाही, असं नाही

गेल्या महिन्यात लॅबसाठी स्टेनलेस स्टीलचा एक स्टँड करून घ्यायचा होता, म्हणून साकीनाक्याला गेले. घाटकोपरहून मेट्रो, मग विचारत विचारत एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात. वेल्डिंग झालं होतं आणि जोडाभोवती तो नेहमीचा निळसर-काळा डाग पडला होता. तिथल्या मुलाने एका प्लास्टिकच्या डब्यातून पांढरी पेस्ट काढली आणि ब्रशने डागावर फासली. हात उघडे, पायात चप्पल. मी डबा फिरवून लेबल वाचलं: नायट्रिक ॲसिड आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड.

"हातमोजे नाही घालत?"

"काही होत नाही ताई, रोजचंच आहे. कधीतरी रात्री बोट ठणकतं, तेवढंच."

'रात्री' हा शब्द ऐकून मी जरा घाबरलेच.

ॲसिड म्हटलं की आपल्याला दोन बाटल्या आठवतात. लाद्या घासायचं हायड्रोक्लोरिक आणि बॅटरीतलं सल्फ्युरिक. ही दोन्ही मला प्रामाणिक वाटतात. तीव्र असतील तर अंगावर पडल्या पडल्या आग करतात, माणूस ओरडतो आणि नळाखाली हात धरतो. हायड्रोफ्लोरिक (लॅबमध्ये आम्ही नुसतं एचएफ म्हणतो) तसं नाही. ते 50 टक्क्यांहून तीव्र असेल तर लगेच कळतं. 20 ते 50 टक्के असेल तर दुखायला एक ते आठ तास लागू शकतात आणि 20 च्या खाली असेल तर चोवीस तासही जाऊ शकतात. वेल्डिंगच्या पेस्टमध्ये एचएफ सहसा या शेवटच्या गटात असतं. सोबतचं नायट्रिक कातडी पिवळी करतं, ते दिसतं तरी. एचएफचं सुरुवातीला काहीच दिसत नाही. दुपारी बोटाला लागलं, फडक्याने पुसलं, संध्याकाळची लोकल पकडून माणूस घरी गेला आणि रात्री दोनला ठणका लागला. तोवर दुपारची पेस्ट कुणाला आठवतेय?

आता गंमत बघा. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत एचएफ हे 'दुर्बल' आम्ल आहे. 0.1 मोलर द्रावणात त्याच्या शंभर रेणूंपैकी जेमतेम आठ फुटून आयन होतात. हायड्रोक्लोरिकचे जवळजवळ सगळे फुटतात, म्हणून ते 'तीव्र'. पण खरी गोम या न फुटण्यातच आहे. आयनांवर विद्युतभार असतो आणि त्वचेतले स्निग्ध थर भार असलेल्या कणांना सहज आत सोडत नाहीत. न फुटलेला एचएफचा रेणू मात्र लहान आणि भाररहित. तो त्वचेतून, नखाखालून सरळ आत उतरतो आणि खोल गेल्यावर तिथे फुटतो. मग फ्लोराइड मोकळं होतं.

या फ्लोराइडला कॅल्शियमची विलक्षण ओढ आहे. एचएफ बनतं फ्लोरस्पार या खनिजापासून, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडपासून. (आपल्या शेजारी गुजरातेत आंबाडुंगरला त्याचा मोठा साठा आहे.) त्यावर सल्फ्युरिक ॲसिड टाकून, तापवून, फ्लोराइडला कॅल्शियमपासून जबरदस्तीने वेगळं काढावं लागतं. ते बोटात शिरलं की त्याला पुन्हा कॅल्शियम भेटतं: पेशींतलं, रक्तातलं, शेवटी हाडातलं. ते पुन्हा कॅल्शियम फ्लोराइड होऊन बसतं. पेशी मरतात, मज्जातंतूंचं गणित बिघडतं, म्हणून तो असह्य ठणका. लागलेला भाग मोठा आणि ॲसिड तीव्र असेल तर रक्तातलं कॅल्शियम इतकं घसरतं की हृदयाची लय बिघडते. दोन-तीन तळहातांएवढ्या जागेवर तीव्र एचएफ लागून माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत.

ऑस्ट्रेलियात पर्थला 1994 मध्ये घडलेली घटना आम्हाला एचएफ हाताळण्याआधी शिकवतात. एक 37 वर्षांचा तंत्रज्ञ लॅबमध्ये एकटाच काम करत होता. 70 टक्के एचएफ त्याच्या मांडीवर सांडलं, फार तर पाव लिटर. हातात रबरी मोजे होते, पण ॲप्रन नव्हता. त्याने पाण्याने धुतलं, मग शेजारच्या पोहण्याच्या तलावात उडी मारली. एका विशिष्ट औषधाची तिथे गरज होती आणि तेच नव्हतं. पुढे पाय कापावा लागला, आणि पंधराव्या दिवशी तो गेला.

हे औषध म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेटचं 2.5 टक्के जेल. तर्क सरळ आहे: फ्लोराइडला कॅल्शियम हवंय ना, मग अंगातलं घेण्याआधी बाहेरून दे. लागल्या लागल्या कपडे, अंगठी, घड्याळ काढून वाहत्या पाण्याखाली धरायचं. जेल हाताशी असेल तर पाच मिनिटं पुरे, नसेल तर निदान पंधरा. मग हातमोजे घालून जेल चोळत राहायचं. बोटांना लागलं असेल तर मोज्यातच जेल भरून हात आत घालायचा. दुखणं थांबणं ही औषध लागू पडल्याची खूण असते, म्हणून आधीच वेदनाशामक घेऊन ती खूण पुसू नका. डोळ्यात गेलं तर जेल नाही, फक्त पाणी आणि तडक हॉस्पिटल. आणि तिथे नुसतं 'ॲसिडने भाजलं' म्हणू नका, 'हायड्रोफ्लोरिक' हा शब्द उच्चारा, शक्य तर लेबलचा फोटो दाखवा. उपचार वेगळे आहेत.

आमच्या क्लीनरूममध्ये एचएफ रोज लागतं. सिलिकॉनच्या चकतीवर हवेने जो ऑक्साइडचा पातळ थर येतो तो काढायला पातळ एचएफमध्ये बुडवतात. थर गेला की पाणी चकतीवर टिकतच नाही, अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं निघून जातं. बघायला फार छान दिसतं. याच गुणामुळे एचएफ काचेच्या बाटलीत ठेवत नाहीत, ते काच खातं. आम्ही डबल मोजे, जाड ॲप्रन, चेहऱ्यावर शील्ड घालतो आणि एकट्याने काम करायचं नाही हा नियम पाळतो. तरी मी पूर्वी जिथे काम केलं त्या एका लॅबमध्ये कपाटातल्या जेलची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली होती. म्हणजे पेपर लिहिणारे आम्हीही फार शहाणे नाही.

साकीनाक्याच्या त्या मुलाने सगळं ऐकून एक प्रश्न विचारला, जो मला मनापासून आवडला. "मग टपरीवरचा चुना लावला तर? त्यात पण कॅल्शियमच ना?" रसायनशास्त्र बरोबर आहे. पेस्ट धुतलेलं पाणी गटारात सोडण्याआधी त्यात चुना मिसळतात तो याचसाठी. पण चुना स्वतःच दाहक, तो भाजलेल्या कातडीला लावायचा नाही.

जेल शोधायला मी घाटकोपरची चार मेडिकल दुकानं फिरले. तिघांनी कॅल्शियमच्या गोळ्या काढून दिल्या. शेवटी ओळखीच्या डॉक्टरांनी सुचवलं ते केलं: कॅल्शियम ग्लुकोनेटचं 10 टक्क्यांचं इंजेक्शन एक भाग, पाण्यात विरघळणारी वंगण-जेली तीन भाग. हिशेब केलात तर 2.5 टक्के येतात. स्वच्छ डबीत भरून, चिठ्ठी लावून, स्टँड आणायला गेले तेव्हा देऊन आले.

मुलाने निओप्रीनचे जाड मोजे घातले होते. मला दाखवायला म्हणून लांबूनच हात वर केले. मग फोन वाजला आणि त्याच मोज्यांनी त्याने तो कानाला लावला. त्यासाठी आता पुन्हा एक चक्कर आहे.