विमानाजवळची हातगाडी

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ नेवाळीला ब्रिटिशांचा विमानतळ होता. युद्धकाळातल्या अशा तळांच्या छायाचित्रांत विमानाला केबलने जोडलेली दोनचाकी गाडी कधीकधी दिसते. बघणाऱ्याला वाटतं, पेट्रोल भरतायत. ती असते ट्रॉली अ‍ॅक्युम्युलेटर (बॅटऱ्या वाहणारी हातगाडी). शहापूर-मुरबाडच्या रस्त्यावर बॅटरी उतरलेली जीप दुसऱ्या जीपच्या बॅटरीला वायर लावून चालू करतात, तसंच हे. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानात स्वतःची बॅटरी असे, पण लहान. बारा सिलिंडरांचं इंजिन फिरवायचा करंट सहसा या गाडीतून घेत. इंजिन धरलं की जमिनीवरचा माणूस केबल उपसून गाडी बाजूला ओढी, तेही पंखा शेजारी गरगरत असताना! पेट्रोल आणायचा तो बाउझर (टाकी बसवलेला ट्रक), वेगळाच.