गढूळ द्रव आणि प्रतिजैविकांची मर्यादा

छत्तीसगडच्या गरियाबंद जिल्ह्यातील सुपेबेडा हे गाव मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांमुळे ओळखले जाऊ लागले, आणि अशा गावातून आठवड्यातून दोन-तीनदा रक्तशुद्धीसाठी रायपूरसारखे शहर गाठणे किती जिकिरीचे असते हे ध्यानात घेतले, म्हणजे पोटातील पातळ आवरणाचा, म्हणजे उदरावरणाचा, गाळणीसारखा उपयोग करून घरीच करता येणाऱ्या पेरिटोनियल डायलिसिसचे मोल कळते. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला. पेरिटोनियल डायलिसिससाठीची मार्गदर्शक तत्त्वे मात्र २०१९ मध्ये आली, हा विलंब खेदजनक होय.

या पद्धतीला संसर्गाचा धोका मात्र असतो: डायलिसिसचा द्रव आत-बाहेर नेण्यासाठी पोटात बसवलेल्या नळीतून जंतू शिरल्यास उदरावरणाचा दाह होतो, पोट दुखते आणि बाहेर येणारा द्रव गढूळ दिसतो. अशा वेळी द्रवाचा नमुना जंतुपरीक्षेसाठी घेऊन, अहवालाची वाट न पाहता, प्रमुख जंतुगटांवर चालणारी प्रतिजैविके, उदाहरणार्थ सेफाझोलिन व सेफ्टाझिडिम, डायलिसिसच्या द्रवातूनच थेट पोटात सोडतात. त्वचेवरील सौम्य स्टॅफिलोकॉकस बहुधा दोन आठवड्यांत आटोक्यात येतो, तर स्यूडोमोनाससाठी दोन औषधे तीन आठवडे देऊनही यशाची खात्री नसते, कारण हा जंतू नळीवर चिकट थर तयार करून त्याआड औषधापासून सुरक्षित राहतो. योग्य औषधे देऊनही पाच दिवसांनंतर द्रव निवळला नाही आणि प्रकृतीत सुधारणा दिसली नाही, तर नळी काढणेच हिताचे. बुरशीचा संसर्ग आढळल्यास तर ती तातडीने काढावी लागते.