कुंडींतील वृक्षांची दीर्घ जोपासना: मेपल कीं नांदरूक?

जपानांतील तांबड्या पानांच्या मेपलचीं चित्रें पाहून तसें झाड आपल्या ओसरीसमोर कुंडींत असावें, अशी इच्छा पुष्कळांस होते. आणि रोपें विकणाराही ती पुरविण्यास तत्पर असतो. रोप महाग, म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं त्याचा स्वभाव जाणून घेतलेला बरा. १७७५–७६ मध्यें जपानांत राहून आलेल्या थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानें १७८४ सालीं जिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, ती ही जात थंड मुलखांतील होय. हिवाळ्यांत पानें गाळून तिला कित्येक आठवडे गारठ्यांत निजावें लागतें. ती झोप न मिळाल्यास वसंतांत डोळे नीट फुटत नाहींत. गणेशपुरीस तसा गारठा पडत नाहीं, आणि चैत्र-वैशाखांत कुंडी तापली म्हणजे पानांच्या कडा करपतात. तरीही रोप एखादें-दुसरें वर्ष तग धरतें, व त्यामुळेंच मालकाची फसगत होते.

आमच्या मतें येथें कुंडीस योग्य वृक्ष म्हणजे नांदरूक. वड-पिंपळाच्याच कुळांतील हें झाड. परंतु पान लहान व तुकतुकीत असल्यामुळें ठेंगण्या खोडास शोभतें. पक्ष्यांच्या विष्ठेंतून पडलेल्या बीजापासून जुन्या विहिरींच्या व भिंतींच्या सांधींत याचीं रोपें उगवलेलीं असतात. चुन्याच्या भेगेंत वाढलेल्या अशा रोपास अडचणींत राहण्याची संवय आधींच झालेली असते. तें मुळासकट काढून घेतल्यास बांधकामही वांचतें. मात्र जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी.

शेतांतील माती कितीही कसदार असो, ती नुसती कुंडींत भरूं नये. पाण्यानें ती दबते आणि मुळांस हवा मिळत नाहीं. हरभऱ्याएवढे विटांचे व मुरमाचे तुकडे निम्मे घेऊन उरलेल्या भागांत पोयटा आणि पूर्ण कुजलेलें शेणखत मिसळावें. ठाणें जिल्ह्यांतील पावसांत कुंडीचें भोंक बुजलें तर मुळें आठवड्यांतच सडूं लागतात. यास्तव कुंडी जमिनीवर न टेकवितां विटांवर ठेवावी.

खरें काम दोन-तीन वर्षांनीं येतें, आणि तेंच बहुतेक लोक टाळतात. मुळांचें जाळें कुंडीस चिकटून गोल फिरूं लागलें कीं वरून घातलेलें पाणी कडेनें निसटून जातें व मधला गोळा कोरडाच राहतो. अशा वेळीं मोठी कुंडी आणण्याचें कारण नाहीं. ज्येष्ठांत, पावसाच्या तोंडावर, झाड बाहेर काढून बाहेरील मुळें विंचरावीं, सुमारें तिसरा हिस्सा धारदार कातरीनें छाटावा आणि त्याच बेतानें फांद्याही कमी कराव्या; अन्यथा उरलेल्या मुळांस एवढ्या पानांचें पाणी पुरवितां येत नाहीं. नंतर नवी माती भरून झाड तीन आठवडे सावलींत, मुसळधार सरींचा मारा लागणार नाहीं अशा जागीं ठेवावें. छाटलेल्या फांदींतून चीक येतो, पण त्याची भीति नको. तो आपोआप सुकतो.

गणेशपुरीकरांस एक सूचना. ऊन पाण्याच्या कुंडांतील पाणी निववून झाडांस घालण्याचा मोह होतो. पण त्यांतील क्षार कुंडींत सांचत जातात. नदीचें किंवा गोड्या विहिरीचें पाणी वापरावें. कुंडीच्या कडेस पांढरीं पुटें दिसूं लागल्यास तीं खरवडून टाकावीं आणि आषाढांतील एखाद्या दिवसभराच्या संततधारेंत कुंडी उघड्यावर ठेवून खालून स्वच्छ पाणी वाहूं द्यावें.