दुहेरी क्लच गिअरबॉक्स

दुहेरी क्लच गिअरबॉक्स हा मोटारगाडीतील स्वयंचलित गिअरबॉक्सचा एक प्रकार आहे. यात दोन क्लच असतात आणि गिअर बदलण्याचे काम संगणकाच्या नियंत्रणाखाली होते. त्यामुळे चालकासाठी क्लचचे पेडल नसते. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत तो डीएसजी, तर ह्युंदाई व किआच्या गाड्यांत डीसीटी या नावाने ओळखला जातो. रोजच्या वापरासाठी हा गिअरबॉक्स निवडावा की हस्तचलित (मॅन्युअल), याचे उत्तर गाडी किती वेगाने धावते यापेक्षा ती रोज किती वेळ रांगते, यावर अधिक अवलंबून असते.

रचना व कार्य

हस्तचलित गिअरबॉक्समध्ये एकच क्लच असतो. गिअर बदलताना चालक पेडल दाबून इंजिन व गिअर यांचा संबंध क्षणभर तोडतो. तेवढा वेळ चाकांना शक्ती मिळत नाही.

दुहेरी क्लच प्रकारात एकात एक बसवलेले दोन दांडे असतात. एकावर पहिला, तिसरा, पाचवा असे विषम आणि दुसऱ्यावर सम क्रमांकाचे गिअर असतात. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असतानाच तिसरा गिअर तयार ठेवला जातो. बदलाच्या वेळी एक क्लच सुटतो व त्याच क्षणी दुसरा पकड घेतो. त्यामुळे वेग वाढताना खंड जवळजवळ जाणवत नाही.

या क्लचचे दोन प्रकार आहेत. ओला क्लच तेलात बुडालेला असतो आणि घर्षणाची उष्णता ते तेल वाहून नेते. कोरड्या क्लचला असे तेल नसते. तो हलका असतो व त्यात ऊर्जा कमी वाया जाते, परंतु तो सतत घसरत राहिल्यास लवकर तापतो.

इतिहास

ही कल्पना फ्रान्समध्ये काम करणारे अभियंते अडॉल्फ केग्रेस यांनी १९३९ च्या सुमारास मांडली. १९८० च्या दशकात पोर्शे व ऑडी यांनी ती शर्यतीच्या गाड्यांत वापरली. २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फच्या आर३२ या आवृत्तीतून ती सर्वसामान्य विक्रीच्या मोटारीत आली. २००८ मध्ये याच समूहाने कोरड्या क्लचचा सात गिअरांचा प्रकार आणला. त्याच्या नियंत्रण यंत्रणेतील दोषांच्या तक्रारींनंतर २०१३ मध्ये चीनमधून सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

छत्रपती संभाजीनगरशी संबंध

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराजवळील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा कंपनीचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला. येथे जोडणी झालेल्या लॉरा व सुपर्ब या मोटारींच्या काही आवृत्त्यांत डीएसजी होता. पुढे ह्युंदाई, किआ व टाटा यांच्या तुलनेने लहान गाड्यांतही दुहेरी क्लच मिळू लागला आणि ही निवड मध्यमवर्गीय कुटुंबापुढेही आली. टाटा मोटर्सने २०२२ मध्ये अल्ट्रोझ या गाडीत ओल्या क्लचचा प्रकार दिला.

दैनंदिन वापर

क्रांती चौक ते सिडको या जालना रस्त्याच्या टप्प्यात गर्दीच्या वेळी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच पुढे सरकते. हस्तचलित गाडीत अशा वेळी डावा पाय सतत पेडलवर राहतो. गुडघेदुखी असणाऱ्यांना व ज्येष्ठ चालकांना स्वयंचलित गाडीची गरज वाटते ती मुख्यतः येथेच.

मात्र येथे एक विसंगती आहे. ज्या रांगत्या वाहतुकीमुळे चालक दुहेरी क्लचकडे वळतो, तीच वाहतूक कोरड्या क्लचला सर्वाधिक जाचक ठरते. अतिशय मंद वेगात क्लच पूर्ण पकड न घेता घसरत राहतो. हस्तचलित गाडीत ‘हाफ क्लच’वर गाडी चालवण्याने जे होते, तेच येथे यंत्र स्वतः करते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांपलीकडे गेल्यावर ही उष्णता बाहेर टाकणे अधिक कठीण होते. पुढे पुरेशी जागा झाल्यावरच गाडी हलवणे आणि चढावर ॲक्सिलरेटरऐवजी ब्रेकवर गाडी धरणे, या दोन सवयींनी क्लचवरील ताण कमी होतो. कन्नड घाटासारख्या चढावरील रांगेत हे विशेष महत्त्वाचे असते.

याउलट समृद्धी महामार्गावर गाडी तासन्‌तास वरच्या गिअरमध्ये राहते. क्लच पूर्ण पकडीत असल्याने दोन्ही प्रकारांत त्याची झीज नगण्य असते.

देखभाल व दुरुस्ती

हस्तचलित गाडीची क्लचप्लेट, प्रेशरप्लेट व बेअरिंग बदलण्याचे काम बहुतेक तालुक्यांच्या गावी होऊ शकते. दुहेरी क्लचसाठी विशेष हत्यारे, संगणकीय तपासणी व प्रशिक्षित कारागीर लागतात. खर्चही बराच अधिक येतो. ओल्या प्रकारात गिअरबॉक्सचे तेल ठरावीक अंतरानंतर बदलावे लागते. बॅटरी उतरल्यास ही गाडी धक्का मारून चालू करता येत नाही, आणि बंद पडल्यास ओढून नेण्याच्या वेगावर व अंतरावर मर्यादा असते.

निवड

मोकळ्या रस्त्यावर अधिक प्रवास, वेगवान गिअरबदलाची आवड व जवळ अधिकृत सेवा केंद्र असल्यास दुहेरी क्लच सोयीचा ठरतो. गावाकडे वारंवार जाणाऱ्या, गाडी दहा-बारा वर्षे वापरणाऱ्या व खर्च मर्यादित ठेवू पाहणाऱ्या कुटुंबास हस्तचलित प्रकार सोपा पडतो. रोजचा प्रवास मुख्यतः शहरी कोंडीतला असून क्लचचे पेडल दाबणे शक्य नसेल, तर ओल्या क्लचचा प्रकार किंवा टॉर्क कन्व्हर्टर असलेला पारंपरिक स्वयंचलित गिअरबॉक्स अधिक योग्य असतो. दुसऱ्यात गाडी सुटताना शक्ती द्रवामार्फत पोहोचते, त्यामुळे रांगत्या वेगात क्लच झिजण्याचा प्रश्न उद्भवत नाही. जुनी दुहेरी क्लच गाडी घेताना ती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसके देते का, हे मंद वाहतुकीत चालवून पाहणे आवश्यक असते. मोकळ्या रस्त्यावरील फेरीत हा दोष सहसा लक्षात येत नाही.